टाळ्यांत बुडालेली बस

तीर्थरूप मामांना,

पेन क्षणभर खाली ठेवून, दोन्ही हात मोकळे करून, मनापासून नमस्कार. तुमची प्रकृती आणि तुमचा गुडघा (आईच्या मते या दोहोंची विचारपूस वेगवेगळी करावी लागते, नाहीतर गुडघा रुसतो) कसे आहेत ते सवडीने कळवावे. मामींची गच्चीवरची झाडे या वर्षी तरी शेजारच्या मांजराच्या तावडीतून सुटली असतील, अशी आशा करते. इकडे आईचा घसा आता बरा आहे. बाबांचे चष्म्यांचे दुकान, बाबांच्याच शब्दांत सांगायचे तर, 'दिसतंय तेवढं बरं' चालले आहे. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम पूर्ववत करते आहे. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका शोधते आणि स्वतः शक्यतो एकही वाक्य बोलत नाही. सारांश, सर्व काही जागच्या जागी आहे. एकच गोष्ट जागेवर नाही, आणि ती तुमच्या कानावर घालावी म्हणून लिहायला बसले. आमची धाकटी, तुमची लाडकी खारू, अत्यंत सभ्य झाली आहे.

हे वाचून तुम्ही हसाल. आम्हीही आधी हसलोच. ज्या मुलीने आजवर पंखा कितीवर ठेवावा या विषयावरही बिनविरोध निर्णय होऊ दिला नाही, ती आता 'हो', 'बरं' आणि 'चालेल' एवढ्या तीन शब्दांत घर चालवते. परवा आमटीत मीठ पडायचे राहिले होते. बाबांनी तोंड वेडेवाकडे केले, मी (नेहमीप्रमाणे) ताटाकडे पाहिले, आणि खारूने ती मुकाट्याने संपवून वर 'छान झालीय' असे म्हटले. आईने पळी खाली ठेवली आणि तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. ताप असता तर बरे झाले असते, असे आई नंतर मला ओट्याशी म्हणाली. "भांडली असती तरी चाललं असतं गं, पण हे असलं शहाणपण मला बघवत नाही."

या शहाणपणाचे मूळ एका बसमध्ये आहे. दगडखाणीपलीकडच्या वस्तीला जाणारी संध्याकाळची शेवटची बस बंद करण्याचे आमच्या नगरपालिकेच्या परिवहन समितीने योजले आहे. कारण, प्रवासी कमी. (तुमची सारी नोकरी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली, कोणती बस कशी बंद होते हे तुम्हाला समजावून सांगण्याचे धाडस मी करत नाही.) खारू अकरावीला आहे. तिच्या वर्गाची विज्ञानाची प्रात्यक्षिके संपेपर्यंत दिवस मावळतो, आणि त्या वस्तीतली मुले-मुली घरी जातात ती याच बसने. त्यांतच तिची मैत्रीण आहे, जिला आम्ही सगळे वेणी म्हणतो, कारण ती स्वतः दारातून आत आल्यावर काही वेळाने तिची वेणी आत येते. वेणीच्या घरच्यांनी आरडाओरडा न करता सांगून टाकले आहे: बस आहे तोवर कॉलेज. खाणीच्या रस्त्याने अंधारात पायी यायचे नाही. बस गेली की कॉलेजही गेले. वेणीने ते ऐकून घेतले. खारूने नाही. दुसऱ्याच दिवशी ती आणि तिच्या वर्गातली पाच-सात मुले बसथांब्यावर पुठ्ठे धरून उभी राहिली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाला, जनसुनावणीला या आणि बस बंद करू नका असे सांगा, म्हणून गळ घालू लागली.

मामा, मोठी माणसे सोळा वर्षांच्या मुलीला किती परींनी 'नाही' म्हणू शकतात, याचा एक ग्रंथ होईल. किराणा दुकानदार म्हणाले, "आधी अभ्यास करा, मग देश चालवा." खारू म्हणाली, "काका, देश नाही, बस चालू ठेवायचीय फक्त." वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी आवाज खाली आणून विचारले, "खरं सांग, तुमच्या मागे कोण आहे?" (त्यांना पक्षाचे नाव हवे होते.) खारूने प्रामाणिकपणे मागे वळून पाहिले आणि सांगितले, "मागे वेणी आहे सर. तिलाच जायचंय त्या बसने." दाताचे डॉक्टर याच्या अगदी उलट. ते गहिवरले. "तुम्ही म्हणजे उद्याचे नागरिक!" म्हणाले आणि आजच्या नागरिकाने सुनावणीला यावे म्हणताच त्यांना पेशंट आठवला. आमच्या प्रभागाच्या नगरसेविका मात्र थांबल्या. अगदी गाडीतून उतरून, "तुम्हा तरुणांचा उत्साह पाहून बरं वाटतं, तुम्ही सांगा, मी ऐकते," म्हणाल्या. मग सहज विचारल्यासारखे त्यांनी विचारले, पुढच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होतील ना? खारू म्हणाली, "थोडक्यात हुकतंय, ताई." त्यावर त्यांनी तिच्या गालाला हात लावला, "नीट अभ्यास कर हं बाळ," असे म्हणून त्या गाडीत बसल्या. 'तुम्ही'पासून 'बाळ'पर्यंतचा तो प्रवास गाडीचे दार लागण्याच्या आत झाला.

बाबांचा विरोध व्यावसायिक होता. ज्या मुलीला स्वतःच्या खोलीतला पसारा दिसत नाही तिला खाणीपलीकडचा रस्ता कसा दिसतो, हे तपासण्यासाठी त्यांनी तिला दुकानातल्या खुर्चीत बसवले आणि समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. तिने गिऱ्हाइकांच्या देखत तळाची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली आणि खुर्चीतून उठता उठता विचारले, "आता तरी सुनावणीला येता का, बाबा?" बाबा म्हणाले, मत देण्याइतकी मोठी हो, मग बघू. "तोवर बस थांबणारे का?" असे तिने विचारले, आणि दुकानातले गिऱ्हाईक हसल्यामुळे बाबांना राग आला. त्या बसमध्ये जे बसतात त्यांना मत नाही आणि ज्यांना मत आहे ते त्या बसमध्ये बसत नाहीत, असे एक वाक्य त्या रात्री जेवताना मला सुचले. मला ते इतके आवडले की मी, कधी नव्हे ते, आपण होऊन बोलले. खारूच्या डोळ्यांत चमक आली. "तायडे, तूच बघ ना माझं भाषण!" इथून माझा गुन्हा सुरू होतो.

तिचे भाषण मी तुम्हाला जसेच्या तसे लिहून पाठवते, कारण ते मला आता पाठ झाले आहे: 'ही बस बंद करू नका. आम्ही हिने घरी जातो. तुमच्यापैकी कोणी हिच्यात बसत नाही म्हणून तुम्हाला ती रिकामी वाटते. बंद करायची असेल तर वेणीने घरी कसं जायचं ते इथेच सांगा. सांगेपर्यंत मी खाली बसणार नाही.' एवढेच. ना सुरुवात, ना समारोप, ना एखादी प्रतिमा. मला ते भाषण म्हणजे न्हाणीघरातून थेट पाहुण्यांसमोर आलेले माणूस वाटले, आणि मी घाईघाईने त्याला कपडे चढवायला घेतले. (शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवत, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या कौतुकाचे नुकसान मोजायची वेळ कधी येईल असे वाटले नव्हते.) मी 'आदरणीय व्यासपीठ' घातले. 'ज्या दिव्यांनी उद्या उजेड पाडायचा, त्यांच्याच वाटेवर आज अंधार का?' असे विचारले. वेणीचे नाव काढून तिथे 'ज्ञानाची तहानलेली एक सावित्री-मनाची लेक' लिहिले, मग ते मलाच जड वाटून 'ज्ञानाची तहानलेली एक लेक' एवढेच ठेवले. आणि शेवटच्या वाक्याच्या जागी, देवा, मी लिहिले: 'आपल्या उदार निर्णयाची प्रतीक्षा करत मी आपली रजा घेते.' खारूने सगळे वाचले. म्हणाली, "छानच आहे गं. पण यात मी कुठेय?" मी म्हटले, "यात तू सुधारून आहेस." तिने माझ्यावर विश्वास ठेवला. भाषेतले तायडीला कळते, हे आमच्या घरात लहानपणापासून ठरून गेलेले आहे.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती, आणि दैवाचा खेळ असा की त्याच दुपारी तिथे शालेय बक्षीस समारंभ होऊन गेला होता. व्यासपीठावरची फुलदाणी, उरलेले गुच्छ आणि कोऱ्या प्रशस्तिपत्रांचा गठ्ठा तसाच पडून होता. परिवहन समितीचे अध्यक्ष दुपारी बक्षिसे वाटायला होते. ते त्याच खुर्चीत बसून राहिले. शेजारी कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका, चहा यायचा म्हणून थांबलेल्या. खारू उभी राहिली तेव्हा लोकांच्या चेहऱ्यांवर 'आली आता भांडायला' हे स्पष्ट दिसत होते. अध्यक्षांनी कोपरे टेबलावर टेकवली होती, जणू काही अंगावर येणार आहे. मग ती म्हणाली, 'आदरणीय व्यासपीठ.'

मामा, ते दृश्य मी विसरणार नाही. सभागृहातले सगळे खांदे सैल झाले. अध्यक्ष मागे रेलले. एका बाईंनी आपल्या मुलाला ढोसून सरळ बसवले आणि, "बघ, असं बोलायचं," असे सांगितले. निवृत्त मुख्याध्यापक डोळे मिटून मान डोलावू लागले. दातांच्या डॉक्टरांनी मोबाइल उभा धरला. दिव्यांच्या वाक्याला टाळ्या पडल्या, लेकीच्या वाक्याला पुन्हा पडल्या, आणि येणार नाही म्हणालेले आमचे बाबा दाराशी उभे राहून चष्मा पुसत होते. ती रजा घेऊन थांबते न थांबते तोच अध्यक्षांनी चहासाठी ठेवलेली घंटा वक्तृत्वस्पर्धेच्या सवयीने वाजवली. "वा, वा! काय शब्दकळा! आणि पाठांतर तर खणखणीत!" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "हातवारे तेवढे आवर हं बाळ, मग राज्यपातळी लांब नाही." एक प्रशस्तिपत्र ओढून त्यावर तिथल्या तिथे तिचे नाव लिहिले गेले, गुच्छ आला, पेन आले. खारू गुच्छ घेऊन उभीच. तिने विचारले, "पण वेणीचं काय?" सभागृहात वेणी कोण हे कोणाला ठाऊक असणार? तिचे नाव मीच काढले होते. अध्यक्ष मायेने म्हणाले, "भावना पोचल्या, बाळ." मग त्यांनी सभेला विचारले, बसच्या विषयावर कोणाला काही हरकत नोंदवायची आहे का. कोणी उठले नाही. जे बोलायचे ते इतक्या सुंदर शब्दांत बोलून झाल्यावर आपण कशाला तोंड घालायचे, असे प्रत्येकाला वाटले असावे. खारू धावत सचिवांच्या टेबलाशी गेली. "माझी हरकत लिहून घेतलीत ना?" ते कागद आवरत म्हणाले, "हरकत कसली गं? छानच झालं की सगळं!"

बाहेर पायऱ्यांवर वेणी भेटली. ती "छान बोललीस हं," म्हणाली. दुसऱ्या शाळेच्या मुलीला म्हणतात तसे. मग बसची वेळ झाली म्हणून गेली.

त्यानंतर घरात आनंदीआनंद आहे आणि तोच सहन होत नाही. प्रशस्तिपत्र दुकानाच्या दर्शनी काचेत, नव्या फ्रेमींच्या मधोमध लावले आहे. देश चालवू नका म्हणणारे किराणा दुकानदार आता "पोरगी नाव काढणार" म्हणतात. बाबा तिच्यासाठी आंतरशालेय स्पर्धांची माहिती गोळा करत आहेत. ती हट्टी होती तेव्हा त्यांनी तिचे ऐकले नाही कारण ती लहान होती. आता ऐकत नाहीत कारण ती गोड बोलते. आणि खारू सगळ्यांना 'हो, बरं' म्हणते. पुठ्ठे पलंगाखाली सरकवले आहेत. थांब्यावर ती जात नाही. वेणीच्या समोर जायला तिला लाज वाटते, असे मला वाटते, पण विचारण्याचा धीर होत नाही. (मी क्षमा मागायला दोनदा तिच्या खोलीच्या दाराशी गेले. वाक्य तोंडात तयार होते, आणि तेच नडले. तयार वाक्याने आता तिच्याशी काय बोलणार?)

समितीची अंतिम बैठक पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे. त्या दिवशी कोणी उभे राहिले नाही तर बस बंद होईल आणि वेणीचे नाव कॉलेजच्या हजेरीतूनही जाईल. मी खारूला एवढेच विचारले, बोलणार ना? तिने माझ्याकडे पाहिले. तिच्या नजरेत राग असता तर मी तो पुस्तकात पिंपळपान ठेवतात तसा जपून ठेवला असता. राग नव्हता. म्हणाली, "तू लिहून दे तायडे, मी म्हणते."

छापखान्यात माझ्या हातून एखादी चूक सुटली तर शुद्धिपत्र जोडता येते. माणूस दुरुस्त करून बिघडवले तर काय जोडायचे ते मला ठाऊक नाही. मोठ्या माणसांवर मी मघापासून शब्द खर्च करते आहे खरे. पण त्यांनी तिला फक्त दाराबाहेर उभे केले होते. बाहेर उभी राहून ती निदान दार वाजवत होती. आत नेऊन बसवले आणि गप्प केले ते मी, आणि तेही मायेने. मला मताचा हक्क मिळून बरीच वर्षे झाली. मोठ्या माणसांत आपण केव्हा जाऊन बसलो हे मात्र त्या टाळ्या ऐकताना कळले, कारण दिव्यांच्या वाक्याला पहिली टाळी मी वाजवली होती.

असो. पत्र लांबले. मामींना माझा नमस्कार आणि झाडांना शुभेच्छा सांगाव्यात. गुडघ्याला जपावे. आई तुमची आठवण काढते. बाबाही काढतात, पण मोठ्याने नाही.

तुमची आज्ञाधारक भाची,
तायडी

ता.क. तुमच्या चष्म्याची नवी फ्रेम बाबांनी तयार ठेवली आहे. ती पोस्टाने पाठवण्यापेक्षा तुम्ही स्वतः येऊन नाकावर बसवून घ्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. (त्यांचे असे काही म्हणणे नाही. माझे आहे.)

ता.ता.क. खरे कारण लिहिते, कारण ते लिहायला हे सगळे पत्र संपवावे लागले. मामा, खारूला आजवर काही जणांनी दटावले, काही जणांनी डोक्यावर घेतले. तिच्याशी वाद एकानेही घातला नाही. तुम्ही न्हाव्याशी, डॉक्टरांशी आणि लग्नघरी वरबापाशीही वाद घातलेला आहे, आणि त्यासाठी आमच्या घरी तुम्हाला बोलावताना जरा विचार करतात हे तुम्हालाही माहीत आहे. रिकाम्या धावणाऱ्या गाड्या तुम्ही स्वतः बंद केल्या आहेत आणि त्या का बंद कराव्या लागतात हे तुमच्याइतके कोणाला सांगता येणार नाही. तेव्हा सोमवारच्या आधी चार दिवस या, तिला समोर बसवा आणि तिचे म्हणणे खोडून काढा. एखाद्या बरोबरीच्या माणसाशी भांडावे तसे भांडा. डेपोची बाजू पुरती मांडा, काही राखून ठेवू नका. तिला हरवता आले तर खुशाल हरवा. फक्त 'शाब्बास' म्हणू नका, आणि पाठीवर हात ठेवू नका.

ता.ता.ता.क. पाकीट चिकटवण्याआधी एक भर. आज रविवार, आत्ता दुपारी जेवताना मी हळूच सांगून पाहिले की मामा येणार आहेत आणि ती बस बंदच करायला हवी असे त्यांचे ठाम मत आहे. (हे मत तुमच्या तोंडी मी घातले, क्षमा असावी.) खारूचा घास हातातच राहिला. "मामांना काय कळतंय? ते बसलेत का कधी त्या बसमध्ये? येऊ देत, बघतेच!" आई रडू लागली, बाबा म्हणाले, "झालं सुरू परत!" आणि खारू अर्ध्या ताटावरून उठून वेणीकडे गेली, ती अजून आलेली नाही. तेव्हा मामा, येताना पुरती तयारी करून या. तिची सुरू झाली आहे.